अणू बसताना सुटणारी उष्णता

चिप्सच्या पिशवीची आतली बाजू चकाकते ती ॲल्युमिनियममुळे. हा थर इतका पातळ असतो की दीडशे-दोनशे अणू एकावर एक रचले की त्याची जाडी भरते. चष्म्याच्या भिंगावरचा हिरवट झाक मारणारा लेप, प्लास्टिकच्या जरीची झगमग, दुर्बिणीच्या आरशाची चकाकी, या सगळ्यांमागे थोड्याफार फरकाने एकच कृती आहे. निर्वात पेटीत पदार्थ तापवायचा, त्याची वाफ करायची आणि ती वाफ समोरच्या थंड पृष्ठभागावर बसू द्यायची. पाठ्यपुस्तकात ही शेवटची पायरी एका ओळीत उरकते. मला नेमके तिथेच थांबायचे आहे, कारण अणू बसतो तेव्हा त्याला काहीतरी सोडून द्यावे लागते. ते म्हणजे ऊर्जा. ती किती असते, कुठे जाते आणि कशी मोजतात, याची ही गोष्ट.

आधी आकडे पाहू. चांदीच्या ढेकळातून एक मोल अणू सुटे करायला सुमारे २८५ किलोज्यूल लागतात. एका अणूच्या वाट्याला हे जवळजवळ ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात. तो अणू पुन्हा चांदीवर बसला की तेवढीच ऊर्जा परत मिळते. आता त्याच्या वेगाचा हिशेब. भट्टी हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापलेली असली तरी तिच्यातून निघणाऱ्या अणूची गतिज ऊर्जा सरासरी ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच भरते. म्हणजे बसण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपुढे वेगाची ऊर्जा दहावा हिस्सासुद्धा नाही. तापलेले अणू वेगाने आदळतात म्हणून पृष्ठभाग तापतो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. खरी उष्णता आदळण्याची नसते. ती नवा बंध जुळण्याची असते.

एक मिलिमीटर जाडीच्या काचेवर १०० नॅनोमीटर चांदी चढवली तर या बंधांमुळे काच किती तापेल? हिशेब मांडला तर जेमतेम सव्वा अंश. प्रत्यक्षात काच याहून पुष्कळ जास्त तापते, पण तो दोष भट्टीच्या झळीचा. ही झळ पुढे पुन्हा आडवी येणार आहे. आता काचेऐवजी १२ मायक्रॉनचे प्लास्टिक घेऊ आणि त्यावर ४० नॅनोमीटर ॲल्युमिनियम चढवू. इथे उष्णता साठवायला वस्तूच उरलेली नाही. नुसत्या बंधांच्या उष्णतेने प्लास्टिक साठ-सत्तर अंशांनी तापेल. म्हणून पिशव्यांच्या कारखान्यात हे प्लास्टिक लेप चढताना थंड केलेल्या मोठ्या रुळावरून फिरवतात, नाहीतर ते सुरकुतून जाईल. ग्रहण करणारी वस्तू जितकी पातळ, तितकी तीच उष्णता ठळक दिसते. कारखानदाराला ही अडचण वाटते. मोजणाऱ्याला मात्र नेमके हेच हवे असते.

अणू पृष्ठभागाजवळ येतो तेव्हा पृष्ठभाग त्याला ओढतो. शेवटच्या काही दशांश नॅनोमीटरमध्ये त्याचा वेग वाढत जातो. आदळेपर्यंत बंधाची सगळी ऊर्जा वेगाच्या रूपाने त्याच्याच अंगात असते. ती लगेच कुणाला तरी दिली नाही, तर तो जसा आला तसा परत उसळेल. म्हणजे चिकटायचे असेल तर ऊर्जा टाकून देणे भागच आहे. कॅरममध्ये एका सोंगटीने दुसऱ्या सोंगटीला अगदी सरळ ठोकर दिली की पहिली जागच्या जागी थांबते आणि दुसरी पुढे जाते. वजने सारखी असली की ऊर्जा पूर्ण हातची जाते. बर्नहार्ड बाउले यांनी १९१४ साली अणूंसाठी हाच हिशेब मांडला. चांदीचा अणू (वजन १०८) मॉलिब्डेनमच्या अणूवर (वजन ९६) आदळला तर पहिल्याच ठोकरीत जवळजवळ सगळी ऊर्जा देऊन मोकळा होतो. हेलियमचा हलका अणू टंगस्टनच्या जड अणूवर आदळला तर त्याची फक्त ८ टक्के ऊर्जा जाते. म्हणून धातूची वाफ थंड धातूवर सहसा बिनतक्रार चिकटते आणि हेलियम उसळत राहतो.

बाउलेचे गणित सुटसुटीत आहे, पण सगळीकडे चालत नाही. हायड्रोजनचा अणू सोन्यावर आदळला तर या गणिताप्रमाणे त्याची जेमतेम २ टक्के ऊर्जा जायला हवी. जर्मनीतल्या गटिंगेन इथे ॲलेक वोट्के आणि ऑलिव्हर ब्यूनरमान यांच्या गटाने सोन्याच्या स्फटिकावर ठराविक वेगाचे हायड्रोजन अणू सोडले आणि परत उसळलेल्यांचा वेग मोजला. २०१५ साली त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. हायड्रोजनने गमावलेली ऊर्जा अंदाजाच्या कितीतरी पट होती. मग त्यांनी तोच प्रयोग गोठलेल्या झेनॉनवर केला. झेनॉन विद्युतरोधक असतो. तिथे ऱ्हास अगदी थोडा निघाला, बाउलेच्या चालीने जावा तसा. फरक इलेक्ट्रॉनांचा होता. धातूत मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा समुद्रच असतो. येणारा अणू त्यांना ढवळतो आणि त्यात ऊर्जा सोडून देतो. यातले काही इलेक्ट्रॉन थेट पकडताही येतात. सिलिकॉनवर चांदीचा किंवा तांब्याचा अतिपातळ थर चढवून त्यावर हायड्रोजनचे अणू बसवले तर सिलिकॉनमधून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो. १९९९ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे हर्मान नीनहाउस आणि एरिक मॅकफारलंड यांच्या गटाने तो मोजून दाखवला.

ऊर्जा पृष्ठभागावरच्या अणूंच्या कंपनांत जावो की इलेक्ट्रॉनांत, सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही आत तिचे रूपांतर साध्या उष्णतेत होते. म्हणून ही वाटणी कशी झाली याची चिंता न करता नुसती उष्णता मोजली, तरी अणू आणि पृष्ठभाग यांच्यातला सगळा व्यवहार हाती येतो. तिथून खरे काम सुरू होते.

हा आकडा हवा कुणाला? थर चढवणाऱ्याला. चांदीवर चांदी बसते तेव्हा २८५ हा आकडा ठरलेलाच आहे, तो मोजून नवे काही कळत नाही. पण चांदीचा पहिला अणू ऑक्साइडवर बसतो तेव्हा किती उष्णता सुटते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. परक्या पृष्ठभागाशी बंध घट्ट असेल तर अणू पसरून बसतात आणि सलग थर होतो. बंध कच्चा असेल तर अणू एकमेकांना शोधत फिरतात, गोळा होतात आणि पृष्ठभागावर बारीक बेटे तयार होतात. एर्न्स्ट बाउअर यांनी १९५८ साली थर वाढण्याच्या तऱ्हांची जी विभागणी केली, तिचा पाया हाच. सलग थर, बेटे, आणि आधी थर मग बेटे अशा त्या तीन तऱ्हा. उन्हाची झळ अडवणाऱ्या इमारतींच्या काचांवर चांदीचा थर सलग हवा, कारण बेटे झाली तर काच निकामी. गाडीच्या सायलेन्सरमध्ये विषारी वायू निकामी करणाऱ्या उत्प्रेरकात मात्र धातूचे बारीक कणच हवेत, आणि ते बारीकच राहायला हवेत. दोघांनाही एकच आकडा हवा आहे, फक्त दोघांच्या अपेक्षा उलट आहेत.

हा आकडा काढायची जुनी रीत अशी: अणू पृष्ठभागावर बसवायचे, मग पृष्ठभाग हळूहळू तापवायचा, आणि कुठल्या तापमानाला अणू उडून जातात ते पाहायचे. जितके जास्त तापमान लागेल तितका बंध घट्ट. ही रीत चांगली आहे, पण तिची एक अट आहे. अणू जसा बसला होता तसाच उठायला हवा. ऑक्साइडवरची चांदी तापवली की उडण्याआधी तिची बेटे एकमेकांत मिसळतात. काही धातू आत मुरतात. पृष्ठभाग प्लास्टिकचा असेल तर धातू उडण्याआधी प्लास्टिकच जळून जाते. आपण मोजतो ते बेटांच्या विघटनाचे असते आणि समजतो पहिल्या अणूच्या बंधाचे. म्हणून उठताना नव्हे, बसतानाच मोजायला हवे.

बसताना मोजायचे तर किती उष्णता हाताशी आहे? एका चौरस सेंटीमीटरवर अणूंचा एक थर म्हणजे सुमारे दहा लाख अब्ज अणू. अणूंच्या एकेका छोट्या झोतात या थराचा शंभरावा भाग टाकला आणि झोताचा ठिपका ४ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर एका झोतात सुमारे १,२०० अब्ज अणू पडतात. मोलमागे २०० किलोज्यूल धरले तर सुटणारी उष्णता ०.४ मायक्रोज्यूल. मॉलिब्डेनमचा एक मिलिमीटर जाडीचा तुकडा घेतला तर ठिपक्याखालचे तापमान अंशाच्या लाखाव्या भागाने वाढेल. हे टिपणे जवळजवळ अशक्य. तोच तुकडा एक मायक्रॉन जाडीचा केला तर वाढ अंशाच्या शंभराव्या भागाएवढी होते. पातळपणाने हजार पट फायदा दिला. पिशवीच्या कारखान्यात नको असलेली गोष्ट इथे कामाला आली.

हा पातळपणा वापरात आणण्याचे श्रेय केंब्रिजच्या डेव्हिड किंग यांच्या गटाकडे जाते. १९९१ साली त्यांनी ०.२ मायक्रॉन जाडीचा, पण अणूंची रचना अगदी एकसारखी असलेला धातूचा पापुद्रा वापरून पहिली मापने केली. त्यावर कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूचे झोत सोडायचे आणि पापुद्र्याची मागची बाजू किती इन्फ्रारेड सोडते ते पाहायचे. कशाचाही स्पर्श नाही. कल्पना देखणी, पण तिला दोन मर्यादा होत्या. थंड पापुद्रा इन्फ्रारेड इतके कमी सोडतो की खोलीच्या तापमानाखाली काही टिपता येत नाही. आणि धातूची वाफ सोडायची तर समोर भट्टी ठेवावी लागते, जी स्वतःच इन्फ्रारेड ओकत असते. ज्याने मोजायचे त्याच्यावरच झगझगाट पडतो.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात चार्ल्स कॅम्पबेल यांच्या गटाने यावर वेगळी वाट काढली. १९९८ साली त्यांनी आपल्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. तापमान डोळ्यांनी न पाहता स्पर्शाने ओळखायचे. त्यासाठी त्यांनी पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकची ९ मायक्रॉन जाडीची पट्टी घेतली. हे प्लास्टिक ताणून आणि मोठ्या विद्युतदाबाखाली ठेवून तयार केले की त्याच्या रेणूंच्या धन आणि ऋण बाजू एकाच दिशेने रांगेत उभ्या राहतात. अशी पट्टी जराशी तापली की ती रांग किंचित ढळते आणि पट्टीच्या दोन्ही पृष्ठांवर विद्युतभार उमटतो. जिन्यात माणूस आला की आपोआप लागणाऱ्या दिव्याच्या सेन्सरमध्येही हाच गुणधर्म वापरलेला असतो, फक्त पदार्थ वेगळा. या पट्टीच्या दोन्ही बाजूंना धातूचा मुलामा देऊन तिची कमान करतात आणि ती कमान पापुद्र्याच्या पाठीला हळूच टेकवतात. पापुद्रा तापला की पट्टी तापते, पट्टी तापली की भार उमटतो, भार वाढवून मोजला की उष्णता कळते.

टेकवले म्हणजे उष्णता पट्टीलाही वाटून जाते आणि तापमानाची वाढ आणखी घसरते. माझ्या ढोबळ हिशेबाने एका झोताला अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तरीही ती टिपता येते, कारण ही पट्टी तापमानाचा नाही, तापमानातल्या बदलाचा संकेत देते. खोलीचे तापमान सावकाश वर-खाली होत असेल तर ती त्याची दखल फारशी घेत नाही. एकाएकी आलेला झोत मात्र तिला लगेच कळतो.

म्हणून झोत तुटक सोडतात. भट्टीत शिसे किंवा चांदी तापत असते. तिच्या तोंडाशी छिद्रांची एक मालिका असते, त्यातून सरळ रेषेत जाणारे अणूच पुढे येतात. वाटेत एक फिरती चकती, तिला एक खाच. खाच समोर आली की सुमारे १०० मिलिसेकंद झोत जातो आणि बंद होतो. दोन-एक सेकंद थांबायचे, पापुद्र्याला निवायला वेळ द्यायचा, मग पुढचा झोत. दर झोताला थराचा शंभरावा-पन्नासावा भाग भरत जातो. शे-दोनशे झोतांत पहिला थर, दुसरा थर, तिसरा थर असे एकेका पायरीने उष्णतेचे माप मिळत जाते.

पेटी अतिशय निर्वात असावी लागते. हवेचा दाब वातावरणाच्या अब्जाव्या भागाएवढा जरी उरला तरी उरलेल्या वायूचा एक पूर्ण थर एक-दोन सेकंदांत पृष्ठभागावर बसू शकतो. म्हणून याहून हजारो पटींनी विरळ निर्वात लागतो, तेव्हा कुठे स्वच्छ पृष्ठभाग तासभर मिळतो.

आता मला जो भाग सगळ्यांत आवडतो तो. पट्टीने दिलेला संकेत म्हणजे अणूंची उष्णता नव्हे. त्यात पुष्कळ परके मिसळलेले असते आणि या उपकरणातली खरी बुद्धी ते वजा करण्यात आहे.

पहिली परकी गोष्ट भट्टीची झळ. खाच उघडली की अणूंबरोबर भट्टीचे इन्फ्रारेडही येते. ते पापुद्र्यात शोषले जाते आणि पट्टीला त्यातला आणि अणूंच्या उष्णतेतला फरक कळत नाही. यावर उपाय सुरेख आहे. झोताच्या वाटेत बेरियम फ्लोराइडची काच सरकवतात. अणू तिथेच अडतात आणि इन्फ्रारेडचा ठाऊक असलेला हिस्सा पार जातो. आता जो संकेत येईल तो फक्त झळीचा. तो दुरुस्त करून मूळ संकेतातून वजा करायचा. पण थर जसा चढतो तशी पृष्ठभागाची चकाकी बदलते, त्याबरोबर झळ शोषण्याचे प्रमाणही बदलते. म्हणून ही वजाबाकी एकदाच करून चालत नाही.

दुसरा प्रश्न, संकेताचे ज्यूल किती? पट्टीचा विद्युतभार काही ज्यूलमध्ये येत नाही. म्हणून अणूंच्याच वाटेने, त्याच ठिपक्यावर, तेवढ्याच वेळाच्या झोतात हेलियम-निऑन लेसरचा लाल प्रकाश सोडतात. त्याची ऊर्जा मोजलेली असते. पृष्ठभागाने किती परावर्तित केली तेही मोजलेले असते. उरलेली शोषली गेली. इतक्या ज्यूलला इतका संकेत, हे प्रमाण एकदा मिळाले की अणूंच्या संकेताला तेच लावायचे. पट्टी दर वेळी नव्याने टेकवली की स्पर्श थोडा बदलतो, म्हणून हे प्रमाणही दर वेळी नव्याने काढावे लागते. आणि पट्टी वारंवार हटवावी लागतेच. पापुद्रा स्वच्छ करायला त्याला खूप तापवतात आणि पीव्हीडीएफ शंभर अंशांच्या आसपासही टिकत नाही. तापवण्याआधी पट्टी मागे, निवल्यावर पुन्हा पुढे.

तिसरी बाजू मोजणीची. उष्णता कळली, पण ती किती अणूंची? झोताच्या वाटेत पापुद्र्याच्या जागी क्वार्ट्झचा कंप पावणारा स्फटिक आणतात. त्यावर वस्तुमान साचले की त्याची कंपनसंख्या घटते आणि त्यावरून झोतात किती अणू येतात ते कळते. पण आलेले सगळे अणू चिकटतातच असे नाही. उसळलेले पकडायला बाजूला वस्तुमान-मापक ठेवलेला असतो. दहापैकी एक अणू उसळला आणि आपण भागाकार दहाने केला, तर उत्तर दहा टक्क्यांनी कमी येईल. ही चूक गणितात दिसत नाही, म्हणूनच ती वाईट.

चौथी वजाबाकी छोटी. रसायनशास्त्राच्या तक्त्यात उष्णता लिहिताना अणू पृष्ठभागाच्याच तापमानाच्या वायूतून आला असे धरतात. आपला अणू हजार अंशांच्या भट्टीतून आला. त्याने आणलेली जादा गतिज ऊर्जा काढून टाकायची. चांदीच्या बाबतीत मोलमागे पंधरा-एक किलोज्यूल. ही संख्या नुसत्या गणिताने मिळते, भट्टीचे तापमान ठाऊक असले की झाले.

आणि या सगळ्यांच्या जोडीला एक उपद्रव. पीव्हीडीएफ तापण्याला प्रतिसाद देते तशी दाबालाही देते. पंपांची थरथर, कुणाच्या चालण्याचा धक्का, सगळे पट्टीला कळते. पातळपणाची आणि संवेदनशीलतेची ही किंमत.

इतक्या वजाबाक्यांनंतर उत्तरावर विश्वास का ठेवायचा? कारण उपकरणातच एक कसोटी आहे. झोत चालू ठेवायचे आणि थर जाड होऊ द्यायचा. काही थरांनंतर येणारा अणू परक्या पृष्ठभागावर बसत नाही, तो स्वतःच्याच धातूवर बसतो. तिथे उत्तर तक्त्यातल्या आकड्याशी जुळलेच पाहिजे. शिशासाठी १९५, चांदीसाठी २८५. मॉलिब्डेनमवर शिसे चढवताना जाड थरांवर हा आकडा तक्त्याशी काही टक्क्यांच्या आत जुळला. एखादी वजाबाकी चुकली असती तर ती इथे उघडी पडली असती. दुसऱ्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा मला हा पुरावा जास्त पटतो.

मग या मापांतून काय निघाले? मॉलिब्डेनमच्या स्फटिकावर शिशाचे पहिले अणू १९५ हून जास्त उष्णता सोडतात. परका धातू त्यांना स्वतःच्या धातूपेक्षा घट्ट धरतो, म्हणून पहिला थर पसरून बसतो. मॅग्नेशियम ऑक्साइडवर चांदी चढवली की चित्र उलटे होते. पहिले अणू २८५ हून पुष्कळ कमी उष्णता सोडतात आणि झोत वाढत जातील तसा आकडा हळूहळू वर चढतो. बेट लहान असताना नव्या अणूला शेजारी कमी मिळतात, बेट मोठे झाले की शेजारी वाढतात. म्हणजे ही वक्ररेषा बेटाच्या आकाराप्रमाणे अणूची ऊर्जा कशी बदलते हेच सांगते.

इथून उत्प्रेरकाची गोष्ट सुरू होते. धातूचे बारीक कण गरम अवस्थेत राहिले की लहान कणांतून अणू सुटतात आणि मोठ्या कणांना जाऊन मिळतात. लहान नाहीसे होतात, मोठे आणखी मोठे होतात आणि उत्प्रेरक मंदावतो. किती वेगाने? याचा हिशेब जुन्या सूत्राने करत आणि त्यात कणाच्या पृष्ठभागाची ऊर्जा आकार कितीही लहान असला तरी तीच धरत. कॅम्पबेल यांच्या गटाने २००२ साली दाखवले की ऊर्जा आकारावर या सूत्राहून कितीतरी जास्त अवलंबून असते. सूत्र हातात ठेवून आयुष्याचा अंदाज बांधणारा चांगलाच चुकत होता. २०१० साली त्यांनी आणखी एक तुलना प्रसिद्ध केली. चांदीचे हजारपेक्षा कमी अणूंचे कण ऑक्सिजन काहीसा काढून घेतलेल्या सेरियम ऑक्साइडवर मॅग्नेशियम ऑक्साइडपेक्षा मोलमागे ३० ते ७० किलोज्यूलने जास्त स्थिर असतात. गाड्यांच्या उत्प्रेरकात सेरियम ऑक्साइड फार पूर्वीपासून वापरले जाते. त्यावर कण बारीक राहतात हे अनुभवाने ठाऊक होते, आता त्याला आकडा मिळाला.

प्लास्टिकवर हीच रीत वापरली तेव्हा तर नवलच निघाले. सेंद्रिय सौरघटांत वापरल्या जाणाऱ्या पी३एचटी या बहुवारिकावर कॅल्शियम चढवले. कॅल्शियमला स्वतःच्या धातूतून सुटे करायला मोलमागे १७८ किलोज्यूल लागतात. पण पहिल्या अणूंनी याच्या दुपटीहून जास्त उष्णता सोडली. एवढी उष्णता नुसत्या बसण्याने येत नाही, रासायनिक क्रिया घडली तरच येते. पुढच्या तपासणीत दिसले की कॅल्शियम बहुवारिकातले गंधक ओढून कॅल्शियम सल्फाइड बनवतो, आणि तेही पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटर मुरून. म्हणजे ज्याला सगळे धातू आणि प्लास्टिक यांची सीमा म्हणत होते, तो तिसऱ्याच एका पदार्थाचा थर होता. शिवाय सुरुवातीला बरेच अणू चिकटलेच नव्हते. उसळलेले मोजले नसते तर उष्णतेचा आकडा पुष्कळ कमी निघाला असता.

या मापाची मर्यादाही त्याच्या रीतीतूनच येते. उष्णता किती हे ते सांगते, अणू कुठे बसले हे सांगत नाही. बेटे किती, केवढी, थर सलग की तुटक, हे ठरवायला त्याच पेटीत दुसरी तंत्रे जोडावी लागतात. वरच्या थरात कोणते अणू आहेत हे आयनांचे उसळणे पाहून ओळखायचे, आणि मगच उष्णतेच्या वक्ररेषेला अर्थ द्यायचा.

कारखान्यात थर चढवण्याची जी पद्धत सगळ्यांत जास्त चालते तिथे मात्र हे नाजूक उपकरण नेऊन उपयोग नाही. स्पटरिंगमध्ये आर्गॉनच्या आयनांचा मारा करून धातूच्या लक्ष्यातून अणू उडवतात. असा उडालेला अणू काही इलेक्ट्रॉन-व्होल्टची गतिज ऊर्जा घेऊन येतो, वाफेतल्या अणूच्या दहा-वीस पट. शिवाय लक्ष्यावरून परत उसळलेले आर्गॉन अणू, प्लाझ्माचा प्रकाश, इलेक्ट्रॉन हे सगळे पृष्ठभागावर एकदम पडते. जॉन थॉर्नटन यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत दाखवले की थरात बसणाऱ्या एका अणूमागे पृष्ठभागाला मिळणारी एकूण ऊर्जा बंधाच्या ऊर्जेच्या कित्येक पट असते आणि टंगस्टनसारख्या जड धातूंना ती आणखीच वाढते. जड लक्ष्यावरून आर्गॉन जास्त जोमाने उसळतो हे त्याचे एक कारण. इतक्या गर्दीत एका बंधाची उष्णता वेगळी काढणे अवघड.

म्हणून तिथे साधा मार्ग वापरतात. तांब्याची छोटी पट्टी, तिच्या पाठीला थर्मोकपल. स्रोत चालू केला की पट्टी किती वेगाने तापते ते पाहायचे, बंद केला की त्याच तापमानाला किती वेगाने निवते ते पाहायचे. दोन्ही वेगांची बेरीज पट्टीच्या उष्णताधारकतेने गुणली की एकूण येणारी ऊर्जा मिळते. निवण्याचा वेग मिळवायचा कारण तापतानाही पट्टी उष्णता गमावत असतेच. या आकड्याला साचणाऱ्या अणूंच्या संख्येने भागले की अणूमागे किती इलेक्ट्रॉन-व्होल्ट पडतात ते कळते. थर दाट होईल की भुसभुशीत, ताणलेला राहील की सोलून निघेल, याचा पहिला अंदाज स्पटरिंगचे यंत्र चालवणारे त्यावरूनच बांधतात.